आम्ही फरक मोजतो!

मुलींना खो-खो शिकवणारी आमची छोटीशी संस्था आहे. गांधीबागच्या बाजारात साड्यांच्या एका ठोक दुकानावरच्या खोलीत ऑफिस. माणसं तीन. प्रमुख घाटे मॅडम, खेळ शिकवणारे पराते सर, आणि मी, शुभांगी. माझं काम मोजायचं. खेळामुळे वस्तीत काय फरक पडला, हे मदत करणाऱ्या कंपन्यांना दाखवायचं. "इम्पॅक्ट" म्हणतात त्याला!

जे मोजता येतं ते रिपोर्टमध्ये जातं आणि लोक ते विसरून जातात. जे मोजता येत नाही ते माझ्यासोबत घरी येतं. वर्षं गेली तसा त्याचा ढीगच झालाय. मैत्रिणी म्हणतात, "सांग ना वं एखादा, तुझे किस्से भारी मजेदार असतात!" मी सांगते. त्या हसतात. माझे कान मात्र प्रत्येक वेळी तापतात.

* * *

नव्या मुलीला पहिल्याच दिवशी विचारायचं, "तुझा स्वतःवर किती विश्वास आहे? एक ते पाचमध्ये सांग." सहा महिन्यांनी तेच परत विचारायचं. मध्ये जी वाढ होईल ते आमचं यश.

सहावीतली रोशनी आली. प्रश्न पुरता विचारून व्हायच्या आत ओरडली, "पाच!"

घाटे मॅडमनी ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, ही सुरुवातीलाच पाचवर! आता वाढ कुठून दाखवायची? जरा नीट विचार तिला."

मी नीट विचारायला गेले.

"रोशनी, वर्गात उभं राहून बोलायची भीती वाटत असेल ना?"

"नाही."

"पाहुण्यांसमोर?"

"नाही."

"अंधाराची?"

तिनं माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मॅडम, तुमाले किती पाहिजे?"

"तीन," मी म्हटलं.

"मंग तीन लिहा."

सहा महिन्यांनी तिला पुन्हा विचारलं. या वेळी ती ओरडली नाही. इकडेतिकडे पाहून म्हणाली, "चार?"

घाटे मॅडम खूश! वाढ आली!

* * *

दर तिमाहीला एक यशोगाथा पाठवावी लागते. आमच्याकडे खरोखरची जबरदस्त गोष्ट एकाच मुलीची होती. वडील खेळू देत नव्हते, आजी भांडली, आणि पोरगी थेट जिल्ह्याच्या टीममध्ये गेली. खाली आम्ही लिहिलं, "ओळख उघड होऊ नये म्हणून नाव बदलले आहे." तेव्हा ती पूजा होती.

पुढच्या तिमाहीला दुसरी गोष्ट तयार नव्हती. तीच थोडी फिरवून पाठवली. नाव पुन्हा बदललं. मग आणखी एकदा.

कंपनीच्या मॅडमचा फोन आला. स्पीकरवर होता. "पूजा, नेहा आणि काजल, तिघींचंही आम्हाला फार कौतुक वाटलं! कार्यक्रमाला तिघींनाही आणा हं!"

घाटे मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मी पराते सरांकडे. सर शांतपणे फोनजवळ वाकले.

"आणतो ना मॅडम. एकाच सायकलवर येतात त्या."

* * *

मुंबईचे एक साहेब भर उन्हाळ्यात मॅच पाहायला आले. वस्तीतलं मैदान दोन्ही बाजूंनी गच्च भरलेलं! बाया, म्हातारे, लेकरं. साहेबांनी मोबाईल काढला आणि व्हिडिओ घ्यायला लागले. "काय कम्युनिटी सपोर्ट आहे! मी तर थक्क झालो!"

प्रत्येकाच्या पायाशी कॅन नाहीतर पाणी भरायचा गुंड होता, तो साहेबांच्या लक्षात आला नव्हता.

तेवढ्यात हॉर्न वाजला. कोणीतरी ओरडलं, "टँकर आला ना वं!" आणि मैदान रिकामं! बघणारे पळाले तसे खेळणारेही पळाले. खो मिळून उठलेली पोरगी पुढच्या मुलीला शिवायचं सोडून आईच्या हातचा कॅन घेऊन रांगेत जाऊन उभी राहिली.

उरलो आम्ही तिघं, साहेब आणि दोन खांब.

"सगळे गेले कुठे?"

"हाफटाइम आहे साहेब," पराते सर म्हणाले.

त्या गर्दीचा फोटो आमच्या कॅलेंडरवर आहे. खाली लिहिलंय, "संपूर्ण वस्ती मैदानात!"

* * *

एका कंपनीनं बूट दिले. त्यांना "आधी" आणि "नंतर" असे दोन फोटो हवे होते. आधीच्या फोटोत अनवाणी पाय, नंतरच्यात नवे बूट.

फोटोच्या दिवशी चार-पाच मुली घरचेच बूट घालून आल्या. घाटे मॅडम म्हणाल्या, "दोन मिनिटं काढून ठेवा गं. आणि हसू नका. हसायचं ते नंतरच्या फोटोत!"

मुली तापलेल्या मातीवर रांगेत उभ्या राहिल्या. चटके बसत होते म्हणून एक पाय उचलायच्या, मग दुसरा. मी म्हणत होते, "हलू नका, ब्लर येतं."

तेवढ्यात एकीचे वडील ऑटो घेऊन आले, मुलीला न्यायला. त्यांनी पोरीचे पाय पाहिले, बाजूला ठेवलेले बूट पाहिले.

"बूट काहून काढले हिचे?"

मी म्हटलं, "काका, फोटोपुरते काढले. आमच्याकडून नवे मिळणार आहेत ना."

ते खाली बसले. मुलीचे तळवे रुमालानं पुसले, बूट घालून दिले, नाड्या बांधल्या. मग उठून मला म्हणाले, "मॅडम, हे मी देल्ले होते तिले. आता घ्या फोटो."

मला कॅमेरा वर करवला नाही.

* * *

एकदा घरभेटीला गेले. आईला विचारलं, "मुलगी खेळायला लागल्यापासून घरात काय फरक पडला?"

"भूक वाढली तिची."

"आणखी?"

"आणखीच मांगते ना! चार पोळ्या खाल्ल्या तरी आणखी मांगते!"

रिपोर्टमध्ये आम्ही लिहिलं, "पोषणाविषयी जाणीव वाढली."

निघताना ती बाई म्हणाली, "इतकं विचारून राहिल्या, तं पोरीले खायले काही देता का तुम्ही?"

मी तिच्याच घरचा चहा पिऊन, तिच्याच घरची बिस्किटं खाऊन उठले होते.

* * *

आता खाप्याचं सांगते.

खापा म्हणून गाव आहे, तिथे आमचं एक सेंटर होतं. मुली मनापासून यायच्या. पण कंपनीनं सगळ्या सेंटरांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. खाप्याचा फरक सगळ्यांत कमी निघाला. ठरलं, बंद करायचं आणि तिथलं सामान दुसरीकडे न्यायचं.

पराते सर म्हणाले, "मी नाही येत. मले नाही पाहवणार." मग मी टेम्पो घेऊन गेले.

मुलींना वाटलं, नवीन सामान आलं! धावतच आल्या. मी म्हटलं, "नाही गं, हे घेऊन जायचंय. सेंटर बंद झालं."

मग त्यांची कॅप्टन मयुरी पुढे आली. "मॅडम, ते तुम्ही नंबर लिहायच्या ना, एक ते पाच. त्यात आमाले कमी भेटले का?"

"तसं नाही गं..."

"मंग कोन्या गावाले जास्त भेटले?"

मी टेम्पोकडे पाहिलं. तिनं मान हलवली. मागे वळून मुलींना सांगितलं, "आपण हारलो वं."

कोणी रडलं नाही. दोघींनी खांब हलवून हलवून उपटले. चौघींनी उचलून टेम्पोत चढवले. एकीनं विचारलं, "मॅडम, खड्डे बुजवून टाकू का? कोनाचा पाय जाईन." आणि हातानंच माती लोटायला बसली.

मी टेम्पोत चढणार, तेवढ्यात मयुरीनं शिट्टीसारखा आवाज काढला. सगळ्या मुली भराभर उंचीप्रमाणे रांगेत उभ्या राहिल्या. पराते सरांचा नियमच होता तो. हरलं तरी समोरच्या टीमशी हात मिळवल्याशिवाय मैदान सोडायचं नाही.

एकेक जण पुढे आली. मातीनं भरलेला हात फ्रॉकला पुसायची, माझ्या हातात द्यायची आणि डोळ्यांत पाहून म्हणायची, "चांगल्या खेळल्या मॅडम."

टेम्पोवालाही खाली उतरून माझ्या शेजारी, त्या रांगेसमोर उभा राहिला.