बाहेरून पाठिंबा

आघाडीच्या सरकारचा शपथविधी झाला त्या दिवशी मी अंबरनाथ सोडलं.

दुपारी दारात रिक्षा आली. आईने डबा दिला. बाबा घरी नव्हते, शिवमंदिराच्या वाटेवरच्या चहाच्या टपरीसमोर एक बाक आहे, तिथे होते. जाताना रिक्षा तिथे थांबवायची असं ठरलं होतं. राजकारणाच्या गप्पा बाकावरच व्हायच्या, कारण आमच्या घरात आईचा एक नियम होता: चपला आणि राजकारण दाराबाहेर.

बाकावर तिघे असत. बाबा आणि गायकवाडकाका एकाच कारखान्यात तीस वर्षं, एकाच युनियनमध्ये, एकाच लाल बावट्याखाली. तिसरे लछमनकाका, उल्हासनगरला फर्निचरचं दुकान असलेले. ते म्हणायचे, "मी डावा फक्त दाढी करताना. पण मत तुम्हालाच देतो साईं, दुसऱ्या कोणाच्या बाकावर चाय मिळत नाय." त्या निवडणुकीत आमच्या पक्षाची अगदी मोजकी माणसं निवडून आली होती, आणि पक्षाने ठरवलं होतं की सरकारात जायचं नाही, बाहेरून पाठिंबा द्यायचा. बाबांना त्या दोन शब्दांचा अभिमान होता. आठवडाभर ते मलाही चिडवत होते, "तू बंगळुरूला चाललीस ना, आता तुझाही बाहेरून पाठिंबा."

रिक्षा थांबली तेव्हा लछमनकाकांच्या मोबाईलवर शपथविधी चालू होता.

"बघा, बघा, काल याला शिव्या देत होता, आज गुलदस्ता देतोय. असा पार्टनर मी धंद्यात घेणार नाय."

"म्हणूनच आपण आत जात नाही," बाबा म्हणाले. "खुर्ची नको. बाहेर बसून लक्ष ठेवायचं."

"लक्ष ठेवून नळाला पाणी येतं का रे वसंता?" गायकवाडकाका म्हणाले. निवृत्तीचे पैसे घालून त्यांनी पालेगावात नव्या इमारतीत घर घेतलं होतं, आणि वर्ष झालं तरी तिथे टँकरच येत होता.

"प्रश्न तत्त्वाचा आहे, गायकवाड."

काकांनी चहाचा ग्लास बाकावर ठेवला. "माझ्या बापाचं घर गावाबाहेर होतं. पाठिंबा सगळ्यांचा होता, बाहेरून. आत ये असं कुणी म्हणालं नाही. तो शब्द तू मला नको सांगूस."

मोबाईलवर कुणीतरी ईश्वरसाक्ष शपथ घेत होतं, लछमनकाकांनी तो बंद केला. बाबा उठून रिक्षापाशी आले. आठवडाभर घोळवलेला विनोद त्यांच्या ओठांवर आला होता, मला तो दिसला. तो त्यांनी गिळला. "पोचलीस की कळव, नीता," एवढंच म्हणाले.

बंगळुरूला मी एका कॉलेजच्या लायब्ररीत कामाला लागले. पहिले सहा महिने मी भाषेत पाहुणी होते. "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का, हे कळायला दोन दिवस लागले. ते कुशल विचारणं आहे, उत्तरादाखल ताटाचं वर्णन करायचं नसतं, हे कळायला दोन महिने. घरमालकीण अक्का प्रत्येक तक्रारीवर एकच म्हणायची, "सॉल्प ॲडजस्ट माडी," थोडं जुळवून घे. मला आघाडी सरकार आठवायचं. इथेही बादल्या भरून ठेवायच्या होत्या, इथेही टँकर. पण या शहराच्या पाण्यावर बोलायचा मला हक्क वाटत नव्हता, आणि अंबरनाथच्या पाण्यावर बोलायचा राहिला नव्हता. जे घर सोडून गेले आहेत त्यांना हे मधलं बसणं माहीत असेल.

आई फोनवर सांगायची, "ते बाकावर जात नाहीत गं. पेपर वाचतात आणि घडी घालून ठेवतात." बाबांना विचारलं की म्हणत, पाय दुखतात. ज्या माणसाने संपात गेटवर महिना काढला होता त्याचे पाय आता मंदिराच्या वाटेवर दुखत होते. तीस वर्षांचा मित्र एका शब्दावरून जाणार, आणि दोघांपैकी कुणीच आधी तोंड उघडणार नाही, अशी मला भीती वाटत होती. मी काही सुचवलं नाही. दुरून सुचवणं सोपं असतं, म्हणूनच नको वाटायचं.

मग एका रविवारी बाबांचा फोन आला. आवाज मोर्चाच्या दिवसांतला. "कागद-पेन घे. पालेगावच्या पाण्यासाठी अर्ज लिहायचाय. तुझं मराठी चांगलं आहे."

गायकवाडकाकांशी पुन्हा कसं जुळलं, ते त्यांनी सांगितलं नाही. दर रविवारी ते सांगत, मी लिहून काढत असे, नीट करून पाठवत असे. ते आणि गायकवाडकाका अर्जाची प्रत काढून नगरपालिकेत नेऊन देत आणि पोच घेत. बाबांच्या प्रत्येक अर्जात तीनदा 'तीव्र निषेध' असे. मी ते काढून त्या जागी घरांची संख्या, टँकरच्या तारखा, जुन्या पत्रांचे संदर्भ घालत असे.

"निषेध कुठे गेला गं?"

"बाबा, निषेध वाचून ते फाईल बाजूला ठेवतात. तारखा वाचल्या की त्यांना उत्तर द्यावं लागतं."

ते म्हणाले, "बरं. पण शेवटी एक राहू दे."

शेवटी एक राहू दिला. दीड वर्ष हे चाललं. अधिकारी बदलले, साहेब मीटिंगमध्ये असायचे, पाइपलाइन नकाशावर यायची आणि रस्त्यावर यायची नाही. लछमनकाका दोघांना स्कूटरवरून पाळीपाळीने नेऊन सोडायचे. सरकारातले पक्षही तेवढ्या काळात एकमेकांवर रुसले आणि पुन्हा फोटोत आले. त्यावर बाकावर काय बोलणं झालं असेल ते मला ऐकायला हवं होतं.

एका सकाळी मी लायब्ररीत पुस्तकं लावत होते. बाबांचा फोन. मी कॉरिडॉरमध्ये आले.

"ऐक," ते म्हणाले, आणि फोन कुठेतरी धरला. आधी हवा सुटल्याचा आवाज आला, मग खोकल्यासारखा, मग धार. मागून गायकवाडकाकू ओरडत होत्या, "अहो, फोन भिजेल!"

बाबा गेल्या वर्षी गेले. हृदयविकाराने, सकाळी, पेपर वाचताना. मी दुपारी पोचले. दिवस-कार्य करू नका असं त्यांनी सांगून ठेवलं होतं, म्हणून तेराव्याऐवजी आईने बाकावरच्या दोघांना चहाला बोलावलं. दोघे दारात घुटमळले. आई म्हणाली, "चपला बाहेर ठेवा. राजकारण आत आणलंत तरी चालेल."

बाबा इतक्या महिन्यांनी बाकावर परत कसे आले, हे मला त्या दिवशी कळलं. गायकवाडकाकांनी सांगितलं.

"बाकावर आलाच नाही तो. सरळ पालेगावात आला. लिफ्ट बंद, तीन मजले चढून. दारात उभा. मी म्हटलं, ये. तर म्हणतो, तसं नाही, आधी बोलू दे. म्हणाला, गायकवाड, मी शब्द चुकीचा वापरला नव्हता, पण तुझ्यासमोर वापरला. मला सरकारात घे. कुठलं खातं देतोस?"

"मग?"

"मी म्हटलं, पाणीपुरवठा घे. कमाईची खाती लछमनला."

"मला कुठे काय मिळाला? पेट्रोल माझाच," लछमनकाका म्हणाले, आणि चष्मा काढून पुसत बसले.

बाबांनी आयुष्यात कुणाची माफी मागितल्याचं मला आठवत नाही. जिला ते माफी म्हणाले नसते, ती त्यांनी तीन मजले चढून मागितली. मला माझ्या बापाचा अभिमान होताच. संपाचा, भाषणांचा, न वाकण्याचा. त्या दिवसापासून तो त्या तीन मजल्यांचा आहे.

त्यांच्या कपाटात अर्जांची फाईल मिळाली. प्रत्येक प्रतीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं: 'मसुदा – नीता, आतून.' म्हणजे तो गिळलेला विनोद त्यांनी टाकला नव्हता. दुरुस्त केला होता.

फाईल आता माझ्याकडे बंगळुरूला आहे. इथली मराठी मंडळी दिवाळीला जमतात तेव्हा घराविषयी खूप बोलतात, वड्यांविषयी, मंदिराविषयी. मी ऐकते. मला घर म्हटलं की त्या अर्जांचे मायने आठवतात. पालेगावातल्या पुढच्या दोन इमारतींना अजून टँकर येतो, आणि रविवारी गायकवाडकाकांचा फोन येतो, "मंत्रीणबाई, कागद-पेन घ्या." मध्ये पुन्हा सरकार बदललं. नवी आघाडी, नवे रुसवे. मी विचारलं, काका, यात आपले कुठे बसले? ते म्हणाले, "ते टीव्हीवर बघ. आपलं खातं चालू आहे."

निषेध मी अजूनही एकच ठेवते, शेवटी.

गायकवाडकाकांच्या नळाला एक दिवसाआड, सकाळी सहा ते पावणेसात, पाणी येतं.