ज्याला येत नाही त्याला

गुरुजी खूश झाले की शाब्बास म्हणायचे नाहीत. स्वतःच्याच गुडघ्यावर दोन थापा मारायचे. फट्, फट्. पँटीवरचा खडू असा उडायचा की पुढच्या बाकावरचं पोर शिंकायचं. बाक नव्हते म्हणा आमच्या शाळेत, सतरंजी होती. पण शिंक खरी.

मी त्या शाळेत खिचडी शिजवायची. धसईच्या पुढे आमचा पाडा, तिथली जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा. गुरुजी मूळचे घाटावरचे. मुरबाडला खोली घेऊन राहायचे आणि सकाळच्या एसटीने यायचे. एसटी चुकली तर जीपमध्ये कुणाच्या तरी कोंबडीशेजारी बसून. मला तेव्हा अक्षराची ओळख नव्हती. सही म्हणजे अंगठा.

गुरुजींची एक तऱ्हा होती. पोर पुस्तक घेऊन जवळ आलं की ते हात मागे बांधायचे. "मला कशाला वाचून दाखवतेस? मला येतं. ज्याला येत नाही त्याला वाचून दाखव, जा!"

मग निघायची पोरं. कुणी आजोबांना औषधाच्या बाटलीवरचं वाचून दाखवी, कुणी बांधावर बसून आईला खताच्या गोणीवरचं. आणि माझ्या चुलीपाशी तर रांगच. मी डाळ ढवळतेय आणि कानाशी 'मुंगीची सहल' हा धडा चाललाय.

एकदा मी चिडले. "गुर्जी, पोरं धाडू नका हिकडं. खिचडी करपते."

"करपू द्या, मावशी. वाचन कच्चं राहायला नको."

करपली की तळाची खरवड मागून खायचे ते, हेही सांगून ठेवते.

आता शाळेचं दुखणं ऐका. पट कमी, म्हणून अनुदान कमी. अनुदान कमी, म्हणून पत्रा गळका. पत्रा गळका, म्हणून लोक पोरं दुसरीकडे घालतात. की पट अजून कमी! घाण्याला जुंपलेला बैल तरी संध्याकाळी सुटतो. आणि दिवाळी झाली की निम्मी घरं वीटभट्टीवर जाणार. गुरुजी भट्टीवर जाऊन आईबापांच्या विनवण्या करायचे, "पोरीला आजीकडे ठेवा, दुपारचं मावशी बघतील." मला न विचारताच हं! पण बघितलं मी.

अशात वरून पत्र आलं. साहेब येऊन पोरांचं वाचन तपासणार. वाचता आलं नाही, तर शाळा बंद आणि पोरं नदीपलीकडच्या शाळेत. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, पावसाळ्यात ती नदी बैलाला उतरू देत नाही. बायांनी सरळ सांगून टाकलं, "पोरींना नाय धाडणार आमी."

साहेब आले. चांगले होते बिचारे, चहा घेऊन बसले. छापील कागद काढला आणि तिसरीतल्या दर्शनाला म्हणाले, "वाच बाळ."

दर्शना गप्प. दुसरं पोर उठवलं, तेही गप्प. तिसरं खिडकीबाहेर बघतंय. गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं.

मग दर्शनानेच विचारलं, "साहेब, तुमाला वाचता येत नाय काय?"

"येतं की!"

"मग आमी कशाला वाचायचं?"

साहेबांचा कप तसाच हवेत. गुरुजी जमिनीकडे बघतायत. शिकवलं कुणी? त्यांनीच!

मी दारात उभी होते, डाव हातात घेऊन. तशीच आत गेले आणि सतरंजीवर फतकल मारली. "दर्शना, त्या कागदावर काय लिवलंय गो? मला कुठं येतंय वाचायला!"

पोर टुणकन माझ्याशेजारी. बोट ठेवून वाचायला लागली, धो धो. एका शब्दाशी अडली. "पर... पर..."

"पर्जन्यमान," मी बोलून गेले.

गुरुजींना ठसका लागला. साहेब माझ्याकडे बघतच राहिले. दर्शनाला मात्र पत्ताच नाही, ती पुढच्या ओळीवर. तिच्यामागे बाकीची पोरं रांगेत.

साहेबांनी शेऱ्यात काय लिहिलं ते मला माहीत नाही. शाळा राहिली, एवढं खरं. पुढच्या वर्षी पत्राही नवा आला.

साहेब गेल्यावर गुरुजी चुलीपाशी आले. "कधीपासून, मावशी?"

"पोरांबरोबर पयली केली, पोरांबरोबर दुसरी. आता तिसरीत हाय."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते, तर पोरं यायची बंद झाली असती ना!"

त्यावर गुरुजींनी भांड्याच्या तळाची खरवड तेवढी मागितली.

गुरुजी निवृत्त होऊन घाटावर गेले, त्यालाही आता वर्षं झाली. परवा त्यांचा फोन आला. डोळे गेलेत म्हणाले, ऑपरेशनचाही उपयोग झाला नाही. "पेपरसुद्धा दिसत नाही हो, मावशी."

"थांबा," म्हटलं. चष्मा शोधला. दर्शनाचं जुनं पुस्तक फळीवर होतं, ते काढलं, पहिलं पान उघडलं आणि वाचायला लागले. जोडाक्षराला दम लागतो अजून.

"अहो मावशी, हा धडा पाठ आहे मला!"

"पाठ असंल. दिसत नाय ना? मग गप ऐका."

धडा संपला. "गुर्जी?" मी हाक मारली. मला वाटलं, रेंज गेली.

मग ऐकू आलं. फट्, फट्.