मामेसासऱ्यांची पाच कॅलेंडरं

माझ्या मामेसासऱ्यांइतका संशयी माणूस अख्ख्या जामनेर तालुक्यात सापडायचा नाही. त्यांच्या मोबाइलच्या दोन्ही कॅमेऱ्यांवर काळी चिकटपट्टी आहे. आमच्याकडे आले की फोन आधी चकल्यांच्या रिकाम्या डब्यात जायचा, झाकण लागायचं, मगच बोलणं. तेही पाऊसपाण्याचं, पण हळू आवाजात. एकदा केळीवरच्या रोगाबद्दल बोलले आणि लगेच फोनवर औषधाची जाहिरात आली, तेव्हापासूनचा हा बंदोबस्त. कुठल्याही ॲपने ठिकाण विचारलं की ते ‘नको’ दाबतात. “मी कुठी जातो ते तुमच्या मामीले सांगत नाही, याले काहून सांगू?”

माणसांवर तरी कुठे विश्वास होता? केळी कापली की कोणत्या बागेतली, ते पाच घरी जाऊन कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात स्वतः लिहायचे. एकाने खाडाखोड केली तर बाकीचे चार त्याला उघडं पाडतील, हा त्यामागचा विचार. त्या पाचांत आमचं स्वयंपाकघर होतं. लिहून झालं की चहा.

गेल्या वर्षी निर्यात करणाऱ्या कंपनीने त्यांचा माल अडवला. प्रत्येक खोक्यावर कोड होता. तो स्कॅन केला की केळी कुठल्या बागेतली ते दिसायचं. नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे एकदा चढली की खोडणं नाही. ती चढायची शेतकऱ्याच्याच फोनवरून. मामांनी बागेत ठिकाण बंद ठेवलेलं, गोदामातल्या माणसाने ते चालू करायला लावलं, आणि नोंद चढली जळगावच्या गोदामाची. मामा दुसऱ्याचा माल आपल्या नावावर खपवतात, असा अर्थ निघाला. दोन दिवस ते जेवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी पाचही कॅलेंडरं काखेत मारून ते मला घेऊन कंपनीत गेले. तिथल्या साहेबाने ती शेजारी शेजारी मांडली आणि हसला. “आबा, आमचंही हेच आहे. फक्त कॅलेंडरांच्या जागी कॉम्प्युटर.”

“ते कॉम्प्युटरवाले एकमेकांचे पाव्हणे तर नाहीत ना?” मामांनी विचारलं.

नव्हते. जुन्या नोंदीखाली दुरुस्ती जोडली गेली आणि माल सुटला.

आता मामा बागेत ठिकाण चालू करतात, बांध ओलांडला की बंद. पाच घरी जायचं कारण उरलं नाही. परवा त्यांची केळी कापल्याचं मला बाजारात कळलं. घरी येऊन पाहिलं, तर चौकोन कोरा, आणि डब्यात चक्क चकल्या. फार चुकल्या-चुकल्यासारखं वाटलं. न राहवून फोन लावला. “मामा, तुमचा तो कॉम्प्युटर चहा पाजतो का?”



“हे फोनवर नको, जावईबापू,” ते हळूच म्हणाले. “डबा रिकामा करून ठेवा.”