विंगेतून येणारा आवाज

कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होत होत्या आणि चंद्रकांता शेजारीच भाजी चिरत बसली होती. वरठीच्या कारखान्यातून नुकताच आलेला तिचा नवरा वीरेंद्र दारातूनच ओरडला, "अवो, भात जळून राहिला! आयकू नाही येत का तुले?"

"ध्यान नव्हतं," ती म्हणाली. पण तिला एकही शिट्टी ऐकू आली नव्हती.

भंडाऱ्याजवळच्या शहापूरकडच्या एका खेड्यातली, धान पिकवणाऱ्या घरातली ही पोर. एका वर्षी दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, नाटकाला ठरलेली नटी आली नाही, म्हणून तालमी पाहून पाहून सगळं पाठ झालेली चंद्रकांता ऐन वेळी उभी राहिली. आई सुलोचनाबाईने आठवडाभर अबोला धरला. नंतर शेजारच्या गावचं बोलावणं आलं, तेव्हा तीच सोबत निघाली, म्हणाली, "जाशीनच त एकटी नको जाऊ."

तेव्हापासून दिवाळी ते होळी चंद्रकांता घरी म्हणून टिकली नाही. आज हे गाव, उद्या ते. आधी नायिका, मग वहिनी, मग आई. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या रंगभूमीवर, रोज नवं नाटक. तालमीला वेळ कुठला? विंगेत बसलेला प्रॉम्प्टर वाक्य सांगतो, नट ते उचलतो आणि प्रेक्षकांना रडवतो. चंद्रकांताचा सगळा संसार त्या कुजबुजीवर उभा होता, आणि तीच आता विरत चालली होती.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कानाची नस कमजोर झाली आहे, हे वाढत जाणार. त्यांनी कानात घालायचं मशीन दिलं. तिने ते पर्सच्या तळाशी ठेवलं. बहिऱ्या नटीला कोण बोलावणार?

मग ती समोरच्याच्या ओठांवरून वाक्य ओळखू लागली. नाटकाची वही दुपारीच मागून घ्यायची आणि आपल्यासोबत सगळ्यांचीच वाक्यं घोकायची. झोप उडाली. समोरच्याने पाठ फिरवली की पुढचं वाक्य अंदाजाने टाकावं लागायचं. टाळ्या पडायच्या, पण तिला वाटायचं, आज निभलं, उद्या काय?

नाटकांचा सीझन संपला आणि उन्हाळ्यात सिनेमाचं काम आलं. तृप्ती नावाची पुण्याची दिग्दर्शिका वैनगंगेकाठच्या गावात शूटिंग करत होती. तिने चंद्रकांताला आईची भूमिका दिली. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "ताई, तुम्ही समोरच्याकडे किती जीव लावून बघता! अशी नजर शिकवून येत नाही."

चंद्रकांता हसली. पर्स मात्र तिने जवळ ओढून घेतली.

चौथ्या दिवशी चुलीपुढचा प्रसंग होता. ती भाकर थापत असते. मागे दारातून मुलगा म्हणतो, "माय, मी चाललो," आणि ती वळून बघते. कॅमेरा सुरू झाला. मुलाचं काम करणारा नट बोलला. ती भाकर थापतच राहिली. तो पुन्हा बोलला, तरी ती थापतच राहिली. शेवटी काहीतरी चुकलंय असं वाटून तिने मान वळवली, तर सगळे तिच्याकडे टक लावून बघत होते.

तृप्ती धावत आली. "वा, ताई! ऐकूनही न वळणं... हे माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं. असंच ठेवू."

गप्प राहिलं असतं तर निभलं असतं. पण उद्या पुन्हा पाठीमागून कुणी बोलणार, परवा पुन्हा. त्या भीतीचाच तिला वीट आला.

"मॅडम, मी मुद्दाम नाही केलं," ती म्हणाली. "मले आयकूच नाही आलं. कान गेले माझे."

तृप्ती खाली तिच्याजवळ बसली. "आधी का नाही सांगितलंत?"

"सांगतलं असतं त घेतलं असतं का तुमी?"

"खरं सांगू? माहीत नाही," तृप्ती म्हणाली. ते चंद्रकांताला बरं वाटलं. खोटा धीर तरी दिला नाही. मग तृप्तीने चूल तिरपी मांडून घेतली, दार डोळ्याच्या कोपऱ्यात दिसेल अशी, आणि प्रसंग पुन्हा केला.

बातमी नाटक कंपनीपर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. मालक भूपेंद्र घरी आले, चहा घेतला आणि चाचरत म्हणाले, "बाई, या सीझनले आराम करा."

"एक नाटक द्या. नाही जमलं त मीच नाही म्हणीन."

दिवाळीनंतर मंडईतल्या नाटकात ती कानात मशीन घालून उभी राहिली. लाउडस्पीकर सुरू होताच मशीन किंचाळलं. तिने ते काढून पदराच्या गाठीत बांधलं. विंगेत जुना प्रॉम्प्टर धनंजय होता. तो आज उभा राहून, तोंड उजेडात आणून वाक्यं सांगत होता. दुसऱ्या अंकात एका ठिकाणी ती अडली. त्याचे ओठ हलले, पण तिला कळलं नाही. प्रेक्षक चुळबुळले. तिने पाठ केलेल्या नाटकातलं पुढचंच वाक्य धरलं, आणि समोरच्या नटाने तिथूनच पुढे सांभाळून घेतलं.

पडदा पडल्यावर भूपेंद्र म्हणाले, "एक जागा हुकली, बाई."

"हो. हुकली."

"परवा साकोलीकडे प्रयोग आहे. येता का?"

ती हो म्हणाली. घरी येऊन तिने साकोलीच्या नाटकाची वही उघडून ठेवली. वीरेंद्र समोर बसला आणि तिला दिसेल असं तोंड करून पहिलं वाक्य वाचू लागला.