पुसून टाकलेला ग्रह

अकोल्यात बाळापूर नाक्यावर हार विकणाऱ्या नत्थुजींच्या पोटात आनंद मावत नसे. लेक प्रणाली पुण्याला ताऱ्यांचा अभ्यास करते, हे झेंडू घ्यायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पाठ झालं होतं. त्यात बातमी आली. दूरच्या एका ताऱ्याभोवती फिरणारा लहानसा ग्रह अवकाशातल्या दुर्बिणीनं टिपला, आणि फोटोतून तो हुडकून काढणाऱ्या चमूत प्रणाली होती. तिनं तोच फोटो पाठवला. मग कसला धीर! नत्थुजींनी तो थेट फ्लेक्सवाल्या योगेशकडे धाडला आणि 'मोठ्ठा कर' एवढंच सांगितलं.

प्रणाली घरी आली त्या सकाळी नाक्यावर फ्लेक्स झळकत होता. 'हार्दिक अभिनंदन', प्रणालीचा हसरा चेहरा, खाली शुभेच्छुकांची ही रांग, आणि मधोमध लखलखीत तारा. आळी जमली होती. प्रणाली बघतच राहिली.

"बाबा, ग्रह कुठी गेला?"

योगेश हौसेनं पुढं झाला. "ताई, फोटो खराब होता. मधात काळं भोक पडलं होतं, ते भरून देल्लं. बाजूले धुळीचा ठिपका होता, तो पुसला. एकदम चकाचक!"

नत्थुजींचं तोंड उतरलं. ते भोक नव्हतंच. ताऱ्याच्या झगमगाटात शेजारचा ग्रह दिसत नाही, म्हणून दुर्बिणीच्या आत ताऱ्यावर मुद्दाम झाकण धरतात. एवढं करून हाती लागतो तो धुळीएवढा ठिपका. लेकीनं फोनवर सगळं समजावलं होतं, पण बापाचं लक्ष फ्लेक्सकडे! पोरीची इतक्या वर्षांची मेहनत आपण चारचौघांत पुसली! ते फ्लेक्सची दोरी सोडायला पुढं झाले.

"माय, माहीच चूक हाय. उतरवतो हे."

प्रणाली हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "राहू द्या, बाबा. आमीबी पयले तेच करत होतो. सारे म्हणे, हा दुर्बिणीचा दोष हाय, काढून टाका. मी म्हटलं, थांबा, एकडाव आखीन पाहू. काही महिन्यानं पाहिलं, तं ठिपका ताऱ्याभोवती सरकलेला. धूळ अशी फिरते काय?" मग ती हळूच म्हणाली, "तुमी मले कधी 'सोड आता' म्हटलं नाई. म्हणून मले तिथं 'थांबा' म्हणता आलं."

प्रणालीच्या आईनं, वच्छलाबाईंनी, घरून टिकल्यांचं पाकीट आणलं. नत्थुजी स्टुलावर चढले, प्रणाली खालून जागा सांगत राहिली, आणि ताऱ्याच्या बाजूला एक पांढरी टिकली चिकटली. हारवाल्याच्या पोरीचं ऐकून घेणाऱ्या त्या न पाहिलेल्या माणसांचे त्यांनी वरूनच, मनापासून आभार मानले.

शेजारच्या पार्बताबाई डोळे बारीक करून बघत होत्या. "काहून गा नत्थू, एवढासाच?"

"एवढासाच," नत्थुजी म्हणाले. "पण माह्या पोरीनं पुसू नाई देल्ला."