शेवटची माशी उतरेपर्यंत

आण्णांचा फोन आला तेव्हा मी आक्कालाच मेसेज टाइप करत होते. म्हणजे अक्षरशः तिलाच. सकाळी तिचा व्हॉइस मेसेज आलता (टायपायला कोण बसतंय, असं म्हणून ती नेहमी बोलूनच पाठवायची), "शितले, कंटेनरवरचं पाचट उडायलंय गं. रविवारी येतीस न्हवं? आणि येताना ते काळे हातमोजे आणू नको, काळ्यावर माशा चिडत्यात." मी बेळगावला टिळकवाडीतल्या खोलीत, ऑफिसला निघायच्या गडबडीत, एका हातात चहा. "हो हो येणार, पाचट मीच चढवते, तू खाली उभी राहून फक्त ओरड" एवढं टाइप झालं आणि स्क्रीनवर आण्णांचं नाव आलं. आण्णा म्हणजे माझे वडील. ते सकाळी कधीच फोन करत नाहीत. "आक्का गेली गं," म्हणाले, "पेट्यांपाशी बसलती... बसल्या जागीच." याला पाच आठवडे झाले. तो मेसेज अजून तसाच आहे, न पाठवलेला. पुसवत नाही, आणि पाठवणार कुणाला...

आक्का माझी आत्या, आण्णांची मोठी बहीण. ते आक्का म्हणायचे म्हणून आम्ही सगळेच म्हणायला लागलो. सरकारी बसमध्ये कंडक्टर होती. बेळगाव-निपाणी लाइनवर तिला ड्रायव्हरपेक्षा जास्त लोक ओळखायचे. मराठी माणसाला मराठीत झापायची, कन्नड माणसाला कन्नडमध्ये आणि कॉलेजच्या पोरांना दोन्हीत एकदम. संकेश्वरला बाजाराची गर्दी चढली की तिचा आवाज सुटायचा, "मुंद होग्री, पुढं सरका, मागं काय तुमचं लगीन लागायलंय?" स्वतः लग्न केलं नाही. का, ते विचारायचं धाडस घरात कुणाला झालं नाही. रिटायर होऊन निपाणीजवळ आमच्या गावी, आमच्याच घरात आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता निवांत बसेल. ती गेली ट्रेनिंगला आणि सातेरी मधमाशांच्या दोन पेट्या घेऊन आली! दोनाच्या पाच झाल्या, पाचाच्या मी मोजायचं सोडून दिलं. पहिला मध आमच्या स्वयंपाकघरात काढला. भांड्यांपासून देव्हाऱ्यापर्यंत सगळं चिकट, मुंग्यांची रांग दारापर्यंत आणि मागनं माशा. आई म्हणाली, "वन्सं, घरात एक तर ह्या माशा ऱ्हातील, न्हायतर मी."

मग कंटेनर! हायवेला जुने कंटेनर विकणाऱ्याचं एक आवार आहे, तिथं ती मला घेऊन गेली. एका गंजक्या निळ्या कंटेनरात शिरली, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली आणि तिथूनच ओरडली, "शितले, ही तर माजी बसच की गं! नुसती चाकं न्हाईत." क्रेननं तो डबा आमच्या उसाच्या बांधावर आणून ठेवला तेव्हा निम्मं गाव बघायला आलतं. आण्णा डोक्याला हात लावून बसले. "आक्का, ह्या वयात लोकं तीर्थाला जात्यात, तू डबा आणतीस?" ती म्हणाली, "तीर्थाला लोकांस्नी जन्मभर मीच नेऊन सोडलंय. मला बसू दे की आता डब्यात."

पण एक सांगते, पहिल्याच दुपारी ती आत गेली आणि पाच मिनिटांत बाहेर आली. आत नुसती भट्टी होती, पत्रा तापून चटका बसत होता. बशीरमामा, आमचा निपाणीचा वेल्डर, म्हणाला आधी पाण्याचं बेसिन बसवून घेऊ. आक्का म्हणाली, "न्हाय. आधी उन्हाचं बघा. ह्यात जीव गुदमरतोय." तेव्हा मला वाटलं, म्हातारं माणूस, उकडत असेल. तिनं समोरासमोर खिडक्या कापून घेतल्या, वरून पांढरा रंग मारला, पत्र्याच्या वर हातभर जागा सोडून सांगाडा केला आणि त्यावर उसाचं पाचट घातलं. खालची औषध मारलेली जुनी फळ्यांची जमीन उचकटून फरशी घातली. सगळं झाल्यावर वैशाखातसुद्धा आत उभं राहवायचं. मी दर रविवारी बसनं जायचे आणि आठवडाभर तिला मधमाशीपालनाचे व्हिडिओ पाठवायचे, एका दिवसात दहा-दहा. "तू एवढी पळतीस कुठं गं?" ती म्हणायची. "म्होरं स्टॉपच हाय."

आता माझी करामत. मध काढायला पेट्यांतल्या पोळ्यांच्या चौकटी आत आणल्या की त्यांच्याबरोबर दहा-वीस माशा येतातच आणि उजेडाकडे, म्हणजे खिडकीकडे जातात. म्हणून खिडकीच्या जाळीला वरच्या कोपऱ्यात जाळीचंच एक नरसाळं बसवायचं. रुंद तोंड आत, बारीक टोक बाहेर. आतली माशी चढत चढत टोकातून बाहेर पडते, बाहेरच्या माशीला ते बारीक भोक सापडत नाही. मला हे एवढं आवडलं की बसमध्येच फोनवर चित्र काढून बशीरमामाला पाठवून दिलं. त्यानं विचारलं, "मोटं तोंड भाईर ना?" मी मीटिंगमध्ये होते. न वाचता अंगठा पाठवला.

कंटेनरातला पहिला मध काढायचा दिवस. आक्का मध काढायचं यंत्र फिरवतेय, मी व्हिडिओ काढतेय, मधाची धार लागलीय... आणि खिडकीत गूं गूं वाढायला लागलं. मधाच्या वासानं बाहेरच्या माशा त्या रुंद तोंडातून सरळ आत! आत येतायत, बाहेर जायला वाटच नाही. बघता बघता सगळा डबा माशांनी भरला. मी किंचाळले, हात झाडले, म्हणजे जे करायचं नाही तेच सगळं. आक्कानं मला दंडाला धरून बाहेर ओढलं, परत आत गेली, यंत्रावर आणि चौकटींवर ओल्या चादरी टाकल्या, दोन्ही दारं सताड उघडली आणि दारात उभी राहून ओरडली, "सगळं बिनतिकीट आत शिरलंय गं!" मला हसूही येईना. एक डोळा बटाट्यासारखा सुजलेला. आक्काला किती चावल्या ते तिनं कधी सांगितलं नाही.

त्यानंतर मी जायचं बंद केलं. काम आहे, मीटिंग आहे, ताप आहे... खरं कारण लाज आणि भीती, दोन्ही. बशीरमामा म्हणाला, दोन मिनिटांत उलटं करून देतो. आक्कानं त्याला हात लावू दिला नाही. जुन्या खाकी युनिफॉर्मची चिंधी त्या नरसाळ्यात कोंबून ठेवली आणि म्हणाली, "जिनं लावलंय ती येऊन काडंल." महिन्याभरानं तिचा एवढाच व्हॉइस मेसेज आला, "शितले, चिंधी अजून तिथंच हाय बरं का." गेले मग.

तिनं मला तेलाच्या पालथ्या डब्यावर बसवलं आणि जे आण्णांनाही माहीत नव्हतं ते सांगितलं. नोकरीचं पहिलं वर्ष, उन्हाळा. गाडी निपाणीला लागली, दारं लावून ती आणि ड्रायव्हर जेवायला गेले. "मागं बघितलंच न्हाय मी. भूक लागलती. शेवटच्या सीटवर एक म्हातारा आडवा झालता. तासाभरानं आलो तर घामानं पार भिजून पडलेला, शुद्ध न्हाय. पत्रा कसा तापतोय तू बघितलाईस. पाणी मारलं, कांदा हुंगवला. डोळं उघडलं आणि मलाच इचारतोय, बाई, स्टॉप आला का?" आक्का हसली, पण डोळे पुसत. "वाचला म्हणून बरं. त्या दिसापासनं शेवटच्या सीटपर्यंत गेल्याबिगर मी कवा गाडी सोडली न्हाय. तू न बघता अंगठा दावलास, मी न बघता दार लावलं. एकच हाय ते. घे पाना." मी स्क्रू काढले, नरसाळं फिरवलं. तिनं मदत केली नाही, नुसती बघत बसली.

पुढं मी बघितलं ते हे. मध काढून झाला, यंत्र धुऊन झालं की आक्का दिवा बंद करायची, दार ओढून घ्यायची आणि त्या तेलाच्या डब्यावर बसायची, खिडकीकडे तोंड करून. एकेक माशी नरसाळ्यातून बाहेर पडायची आणि ही आपली हळू आवाजात, "इळीरी, इळीरी... उतरा बायानू, शेवटचा स्टॉप." शेवटची गेली की बाहेर यायचं, पत्र्यावर दोन थापा मारायच्या, मग कुलूप. मी कितीदा म्हटलंय, आक्का, माझी बस चुकंल. "मग चुकू दे की."

दिवसकार्य झाल्यावर आण्णा म्हणाले, पेट्या खानापूरकडच्या एका ओळखीच्याला देऊ, कंटेनर खताची पोती ठेवायला होईल. मी भांडले नाही. कारण यंत्र मी एकटीनं कधी फिरवलंच नव्हतं आणि मला अजून भीती वाटत होती. पण चौकटी भरल्या होत्या, आणि आक्का म्हणालेली, पुढच्या खेपेला यंत्र तू फिरवायचं, मी बसून बघणार. म्हटलं, आण्णा, हा एक मध काढू दे, मग काय ते करा.

गेल्या रविवारी काढला. सुरीनं पोळ्यावरची मेणाची झाकणं काढताना निम्मं पोळंच खरवडलं, एक माशी मनगटाला चावली. मी हात झाडला नाही. चार वाजता सगळं धुऊन झालं, दिवा बंद केला आणि डब्यावर बसले. माशा जात होत्या. एक राहिली. नरसाळ्याच्या शेजारून तीनदा गेली, आत काही शिरेना. आण्णा दारात कुलूप घेऊन उभे. "चल की, एक माशी ऱ्हायली तर काय हुतंय?" मी त्यांना त्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. ते आत आले, दार ओढून घेतलं, दुसरा डबा नव्हता म्हणून फरशीवरच बसले. माशी चौथ्यांदा नरसाळ्यापाशी आली... आणि मग आण्णा, ज्यांना ह्या माशा कधी आवडल्या नाहीत ते आण्णा, हळूच म्हणाले, "इळीरी..."

गेली ती. आण्णांनी बाहेर येऊन पत्र्यावर दोन थापा मारल्या, कुलूप लावलं, किल्ली खिशात घालता घालता थांबले आणि माझ्या हातात दिली. मग वर बघितलं.

"पाचट उडायलंय," म्हणाले. "रविवारी येतीस न्हवं?"

"हो हो येणार," मी म्हटलं. "पाचट मीच चढवते, तुम्ही खाली उभं राहून फक्त ओरडा."