अण्णांच्या सायकलची काठी

राजुरीचे अण्णा कंपाउंडर आयुष्यात एकदाच काही विसरले, असे सारे गाव मानत आले. ते विसरले नव्हते. त्यांच्या तीनचाकी सायकलच्या मागची निशाणाची काठी मी काढून ठेवली होती, आणि ही गोष्ट मी दहा वर्षे कुणालाही कळू दिली नाही. त्यांच्याविषयी लिहायला बसल्यावर दुसऱ्या कोणत्याही वाक्याने सुरुवात करण्याचा मला अधिकार नाही.

अण्णा गावातल्या दवाखान्यात औषधे देत. प्रत्येक बाटलीवरचे लेबल ते तीनदा मोठ्याने वाचत. रोग्यांची रांग दारापर्यंत गेली तरी त्यांचे वाचन दोनदाच झाले असे कधी घडले नाही. कुणी घाई केली की म्हणत, "एकदा डोळ्यासाठी, एकदा हातासाठी, एकदा देवासाठी. तुमाला त्यातलं कुनाचं काढू?"

मी चौऱ्याण्णव साली तिथल्या शाळेत शिक्षक म्हणून लागलो आणि त्यांच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहिलो. माझे आईवडील नव्हते. अण्णांची पत्नी गेलेली, एकुलती मुलगी मंचरला दिलेली. संध्याकाळी आम्ही दोघे एकाच पातेल्यातला भात खात असू आणि फारसे बोलत नसू.

त्यांची कंबर कायमची गेली होती. साध्या सायकलवर त्यांना बसता येत नसे. घर ते दवाखाना एवढेच त्यांचे जग उरले होते. मग खोडदकडे आकाश निरखणाऱ्या मोठ्या दुर्बिणी उभारायच्या कामावर आलेला एक परदेशी इंजिनिअर, ज्याच्या पायाची जखम अण्णांनी महिनाभर धुतली होती, मायदेशी परतताना आपली वापरलेली सायकल त्यांना देऊन गेला. पुढे दोन चाके, मागे एक, मध्ये जमिनीपासून वीतभर उंचीवर जाळीची आरामखुर्ची. पाय पसरून पुढचे पायडल मारायचे. तिची साखळी तुटली तेव्हा आळेफाट्याच्या मिस्त्रीने तीन साखळ्या जोडून एक केली आणि वर हात जोडले.

पारावरच्या मंडळींना वर्षभर पुरेल एवढा विषय मिळाला.

"अण्णा, उशी देऊ का?"

"उशी ऱ्हाऊ दे. चादर असंल तर आन."

"जित्या मानसानं असं आडवं जाऊ नये, राव."

"चौघांचं वझं वाचवलंय तुमच्या. माझा मीच निघालोय," म्हणत अण्णा पुढे जात.

सुट्टीच्या दिवशी ते बेल्ह्याच्या रस्त्याला लागत. तिथून परतले की त्यांच्या चेहऱ्यावर जे असे, ते मी घरात एरवी कधी पाहिले नाही. "सायकलवर मानूस रस्ता बघतो, मास्तर. हिच्यावर आभाळ बघत जातो," ते सांगत. उसाचे शेत खालून जंगलासारखे दिसते, बैलाच्या नाकपुड्या बरोबर तोंडासमोर येतात, कुत्र्यांशी बरोबरीच्या नात्याने वागावे लागते. "आन थांबलं तरी पडत न्हाई. पाय टेकायचं कामच न्हाई. कुनाची वाट बघायला लई बेस गाडी." त्यांच्याकडे येणारे कुणी नव्हते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

एकदा त्यांनी मला बळेच तिच्यावर बसवले. उताराला सायकल आपोआप धावू लागली. माझेच पाय माझ्या पुढे निघाले होते, वारा जमिनीलगत घासत होता आणि मी एकटाच हसत होतो. तेवढ्यात माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील समोरून आले आणि तेही हसले. मी उतरलो आणि पुन्हा कधी बसलो नाही. त्या क्षणाचा आनंद खरा होता. मी त्याची बाजू घेतली नाही, एवढेच.

सायकल इतकी बुटकी की टेम्पोवाल्याला दिसणे कठीण. म्हणून अण्णांनी खुर्चीच्या मागे पुरुषभर उंच बांबूची काठी आणि तिला केशरी फडके लावले होते. सायकल दारातून आत घेताना काठी काढावी लागे आणि निघताना ते ती आठवणीने पुन्हा खोचत. "काठीबिगर गाडी म्हंजी लेबलाबिगर बाटली," हे त्यांचे ठरलेले वाक्य.

मढचे एक शेतकरी बेल्ह्याच्या बाजारात बैल घ्यायला येणार होते आणि त्याच फेरीत आपल्या मुलीसाठी मलाही पाहणार होते. "वडीलधारं कुनीतरी पायजेच," म्हणून अण्णा सायकलवरून आले. बाजाराच्या कडेला तिच्यात बसून त्यांनी चहा घेतला आणि ते बैल पाहायला गेले. फडके सबंध बाजारातून दिसत होते. पाहुणे आल्याबरोबर विचारणार, हे काय आणि हा माणूस तुमचा कोण? मी काठी उपसली आणि काट्याच्या कुंपणामागे आडवी टाकली.

पाहुण्यांना शोधायला मी गर्दीत शिरलो. अण्णा कुणाशी तरी बैलांविषयी बोलत परत आले आणि सायकलवर बसले. बसलेल्याला मागची काठी दिसत नाही. जनावरे भरलेला एक टेम्पो मागे सरकत सायकलवर आला.

मी धावत पोहोचलो तेव्हा ते धुळीत पडले होते, घोटा मोडलेला. टेम्पोवाला रडकुंडीला येऊन म्हणत होता, "खाली काय दिसलंच न्हाई, भाऊ." अण्णांनी माझा हात धरून विचारले, "मास्तर, काठी लावली व्हती का मी?"

"सायकलला काठी नव्हती, अण्णा," मी म्हणालो.

शब्द खरा होता. त्याहून मोठे खोटे मी जन्मात बोललो नाही.

घोटा दोन महिन्यांत सांधला. अण्णा मात्र दवाखान्यात परतले नाहीत. दवाखान्याचे डॉक्टर स्वतः बोलवायला घरी आले, तर अण्णा म्हणाले, "काठी इसरनारा हात उद्या बाटली चुकवंल. मला आता माझा भरोसा न्हाई." तेव्हाही मी तिथेच उभा होतो. वाकलेली सायकल मिस्त्रीकडे टाकून ते मंचरला मुलीकडे गेले. माझे लग्न ठरले. लग्नानंतर सासरे एकदा म्हणाले, "त्या दिशी ती झोपायची सायकल ऱ्हायलीच बघायची. मी बसून बघनार व्हतो."

मी पत्र लिहीत असे. त्यात तब्येत, पाऊस, शाळा असे. दोन हजार सातच्या उन्हाळ्यात अखेर मंचरला गेलो. अण्णांना ऐकू कमी येऊ लागले होते. बाकी ते लख्ख होते. मला पाहताच त्यांनी माझ्या सासऱ्यांचे बैल कसे आहेत, ते विचारले. त्यांची मुलगी औषधाचे पाकीट घेऊन आली आणि तीनदा वाचून दाखवल्यावरच त्यांनी गोळी तोंडात टाकली. "दहा वर्सं झाली," ती मला म्हणाली, "सोताच्या हातानं एक गोळी घेत न्हाईत. म्हनत्यात, मी इसराळू हाये."

मी त्यांच्याजवळ सरकून बोललो. माझा आवाज जन्माचाच बारीक. अण्णांनी कानामागे हात धरला. "मोठ्यानं बोला, मास्तर."

अंगणात शेजारच्या बायका कुरडया घालत होत्या. मी उभा राहिलो.

"अण्णा, तुम्ही काठी लावली होती. मी काढली. मला तुमची लाज वाटली म्हणून काढली. तुम्ही काहीही विसरला नव्हता. मला माफ करा."

कुरडयांचे हात थांबले. अण्णांचा हात अजून कानामागेच होता, म्हणून मी ते पुन्हा एकदा, आणखी मोठ्याने म्हणालो.